नदी, धरण, कुरण यांचे जुने कागद शोधायचेत? आधी खातं शोधा

जुन्या दप्तरात जाऊन 'पर्यावरणावरचे कागद आहेत का' असं विचारलं तर समोरचा माणूस नाहीच म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण त्या काळी हा शब्द कुठल्याच फाईलवर नव्हता. तिथे कागद विषयाने लावलेले नसतात, ज्या खात्याने लिहिले त्या खात्याच्या नावाने लावलेले असतात. त्यामुळे आपला प्रश्न घेऊन थेट दारात उभं राहायच्या आधी घरी बसून एवढंच ठरवायचं की या गोष्टीसाठी कुणाला पैसे द्यावे लागले, कुणाला परवानगी द्यावी लागली आणि कुणाला पोलीस पाठवावे लागले.

आपल्या पुण्याजवळच्या मुळशीचं उदाहरण घ्या. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कागद शोधताना त्याचे तुकडे करावे लागतात. जमीन घेतली १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली, म्हणजे ती बाजू रेव्हेन्यू खात्यात. सत्याग्रही, सभा, अटका हे सगळं होम डिपार्टमेंटच्या स्पेशल शाखेत. पाणी आणि बांधकाम पीडब्ल्यूडीत, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यात. जंगल आणि चराईचे हक्क बघायचे असतील तर फॉरेस्ट. एकच धरण आणि चार दारं, आणि प्रत्येक दारात माणसं वेगळी दिसतात, रेव्हेन्यूच्या कागदात जो 'खातेदार' असतो तोच होमच्या कागदात 'आरोपी' असतो.

सुरुवात घरातूनच करा. पुणे जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, अठरावा खंड, १८८५ चा, तीन भागात आहे आणि नेटवर फुकट वाचता येतो. बरेच लोक त्यातला मजकूर उतरवून घेतात आणि थांबतात, माझं म्हणणं आहे की मजकुरापेक्षा तळटीपा वाचा. तिथे बारीक अक्षरात मुंबई सरकारच्या रेव्हेन्यू रेकॉर्डचा नंबर आणि साल दिलेलं असतं, तो नंबर म्हणजे मुंबईतल्या दप्तराचा पत्ता आहे. आणि नावं जुन्या स्पेलिंगने शोधा. खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा लेक फाईफ म्हणायचे, बारामती भीमथडी तालुक्यात होती, दापोडीला दापुरी लिहायचे. आजच्या नावाने सर्च करून काही नाही म्हणून सोडून दिलेले कितीतरी विषय मी पाहिलेत, वाईट वाटतं.

मग छापील रिपोर्ट. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास जी जमीन मोजणी आणि सारा आकारणी झाली तिचे रिपोर्ट, १८७५ च्या सुप्याच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यानंतर नेमलेल्या कमिशनचा रिपोर्ट, हे वाचताना माती, विहिरी, पाऊस, सावकार सगळं एकाच पानावर भेटतं. यासाठी गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी बघाच, जुनी सरकारी प्रकाशनं तिथे भरपूर आहेत. दुष्काळावर काम असेल तर पुण्याच्या सार्वजनिक सभेचं त्रैमासिक चाळा, १८७६ ते ७८ च्या दुष्काळाची सरकारी बाजू वाचून झाल्यावर ते वाचलं की चित्र बदलतं. वर्तमानपत्रात केसरी आणि ज्ञानप्रकाश. तारीख माहीत असेल तर आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवसही बघा, खरी भांडणं वाचकांच्या पत्रात आणि जाहीर नोटिसांमध्ये असतात.

आता पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद. कौन्सिल हॉलजवळचं आपलं पुणे पुराभिलेखागार, तिथे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, गाठ सोडली की आत मोडी लिपीतले लांबट कागद, काहींना वाळवी लागलेली, काही मात्र काल लिहिल्यासारखे काळेभोर. इथे कुरणं, गवत, लाकूडतोड, धरणं-पाट, पागेच्या घोड्यांचा चारा असं बघायचं. मोडी येत नसेल तर आधी शिका, दुसरा रस्ता नाही. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी वर्ग होतात, आणि मोडी फक्त पेशवाईपुरती लागते असंही नाही, विसाव्या शतकातले महसुली कागदही मोडीत सापडतात.

तारखेत हमखास अडकायला होतं. 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं, ते अरबी आकडे आहेत, इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे सुहूर सन ११६१, हे त्या काळच्या मराठी कागदांत चालणारं साल. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, पानिपतची लढाई याच सालातली. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणजे पाऊस-पिकाचं अख्खं वर्ष एका सालात बसतं, आपल्या कामाला याहून सोयीचं काय असणार. फसली सन, म्हणजे महसुलाच्या कागदातलं साल, त्यालाही तसंच, फक्त ५९० आणि ५९१.

मुंबईचं मुख्य अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तिथे खातं, व्हॉल्यूम आणि साल या तीन गोष्टींवर सगळं चालतं, म्हणून गॅझेटिअरच्या तळटीपा घेऊन जा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारासाठी अभिलेख पटल पोर्टलवर आधी शोधा, बऱ्याच फाईली घरबसल्या दिसतात. पावसाचे आकडे हवे असतील तर हवामान खात्याचं डेटा सेंटर पुण्यातच आहे.

एक नुकसान सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दप्तरखान्यात दिवसभर बसून एका ओढ्याच्या बांधावरचा तंटा उतरवून घेतला, मजकूर सगळा घेतला पण रुमाल नंबर लिहिला नाही, आणि पुढच्या वेळी तो कागद काही केल्या सापडला नाही. तेव्हापासून वहीत आधी दप्तर, रुमाल, पान, तारीख, मगच मजकूर. फोटोची परवानगी मिळाली तर पहिला फोटो रुमालाच्या चिठ्ठीचा. जाताना ओळखपत्र आणि कॉलेजचं किंवा संशोधनाच्या गाईडचं पत्र न्या, आणि वेळ आधी फोन करून विचारा.

गावपातळीवर यायचं तर तहसीलची रेकॉर्ड रूम आणि भूमी अभिलेख. जुने फेरफार, टिपण म्हणजे मोजणीची जुनी नोंद, गावनकाशा यांच्या नकला अर्ज करून मिळतात, बरेच कागद स्कॅन होऊन ऑनलाइनही आलेत. सातबारा आजचं सांगतो, फेरफार कधी आणि कशामुळे ते सांगतो, गायरान कुणाकडे गेलं ते फेरफारातच कळतं. अलीकडच्या साठ-सत्तर वर्षांचं हवं असेल, म्हणजे समजा १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतरचं पुनर्वसन, तर ज्या खात्याकडे फाईल असेल तिथे माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसात उत्तर यायला हवं. 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही किंवा 'माहिती व्यापक आहे' असं येतं, त्यापेक्षा फाईलींची यादी आणि प्रत्यक्ष पाहणी मागा, पाहणीत जे दिसतं त्यातून हव्या त्या पानांच्या नकला घ्या.

आणि त्या नकला घेऊन गावात जा. म्हाताऱ्या माणसांना सर्व्हे नंबर सांगून उपयोग नाही, ते वडाचं शेत, धोंडीची पट्टी, वरचा माळ असं बोलतात, म्हणून गावनकाशा पुढे पसरा आणि ओढा कुठून वाहायचा ते बोटाने दाखवायला सांगा, जिथे त्यांचं बोट आणि नकाशावरची रेघ जुळत नाही तिथे खूण करून ठेवा, पुढचा अर्ज त्याच जागेसाठी टाकायचा.