तेल कमी केलं आणि तर्री फसली? घरचे आवडते पदार्थ ‘हेल्दी’ करताना या चुका टाळा

घरात कुणाचा तरी कोलेस्टेरॉलचा किंवा शुगरचा रिपोर्ट येतो आणि त्याच आठवड्यापासून मिसळ, वडे, पावभाजी, शिरा या सगळ्यांवर एकदम कात्री चालते. तेल निम्मं, साखर बंद, मैदा हद्दपार. पंधरा दिवस सगळे निमूटपणे खातात आणि मग एखाद्या रविवारी बाहेरून पार्सल येतं. त्या पार्सलमध्ये घरच्यापेक्षा जास्त तेल असतं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

हे टाळता येतं. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. तेल, साखर, मैदा, बटाटा हे जिन्नस पदार्थात काहीतरी काम करत असतात. ते काम कोणतं हे पाहायचं, ते दुसऱ्या कशाने भागवायचं आणि मगच जिन्नस कमी करायचा. बहुतेक फसलेल्या प्रयोगांमध्ये हीच पायरी गाळलेली असते.

मिसळीच्या कटात तिखट थेट पाण्यात घालणं

तर्रीचा लाल रंग आणि झणका दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. मिरचीचं रंगद्रव्य आणि तिला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं. तेल चमचाभर करून तिखट उकळत्या रश्श्यात टाकलं, की रस्सा मातकट दिसतो आणि कच्च्या तिखटाचा वास येतो. मग चव यावी म्हणून आणखी तिखट, आणखी मीठ घातलं जातं आणि पदार्थ बिघडत जातो.

चार माणसांच्या कटाला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली तेल राहू द्या. एरवी अर्धी वाटी जातं, त्या मानाने हे बरंच कमी आहे. आता हे तेल नेमकं कुठे वापरायचं ते बघा. कांदा तेलात परतण्याऐवजी सालासकट गॅसवर किंवा बिडाच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत कोरडा भाजा. सुकं खोबरंही कोरडंच, मंद आचेवर भाजा. वाटण दीड चमचा तेलात परता. खाली लागायला लागलं की तेल न वाढवता पाण्याचा हबका मारा, खरवडा आणि परत परता. असं तीन-चार वेळा केलं की वाटण गडद होतं आणि कडेने तेल सुटायला लागतं.

उरलेला अर्धा चमचा तेल छोट्या कढल्यात तापवा. गॅस बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग त्यात ब्याडगी मिरचीची पूड घाला. आधी घातली तर जळून कडू होते. हे लाल तेल उकळी आलेल्या कटावर ओता. वर तरंगणारी तर्री तेवढ्याशा तेलातही डोळ्यांना पुरेशी दिसते, आणि मिसळ आधी डोळ्यांनीच खाल्ली जाते.

खोबऱ्याचं आणखी एक सांगायला हवं. सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि तो बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रकारचा असतो. कोलेस्टेरॉलसाठी तेल मोजणारे कितीतरी जण खोबरं मात्र मूठमूठ घालतात. निम्मं खोबरं काढून त्या जागी भाजलेले तीळ घाला, वाटण तितकंच दाट होतं.

बाकी मिसळीत तेल सगळ्यात जास्त लपतं ते फरसाणात. तव्यावर कुरकुरीत भाजलेले पातळ पोहे आणि शेंगदाणे घ्या, हवं तर त्यावर चमचाभर शेव. हे ताटात वेगळं ठेवा आणि खाताना घाला, नाहीतर दोन मिनिटांत लगदा होतो. मटकी मात्र सढळ हाताने वाढा आणि मोड आलेली मटकी कुकरला जास्त शिट्ट्या काढून गाळ करू नका. दाणा अख्खा राहिला तरच ती चावून खाल्ली जाते आणि पावांची संख्या आपोआप कमी होते.

कमी तेलकट व्हावं म्हणून मंद आचेवर तळणं

ही चूक फार घरांत होते, आणि तिचा परिणाम नेमका उलटा होतो. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेलं असेल तर पिठातल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते, वरचं आवरण लवकर घट्ट होतं आणि पदार्थ वेळेत बाहेर निघतो. तेल कोमट असेल तर भजी आत बराच वेळ रेंगाळतात आणि तेल पितात. थर्मामीटर नसला तरी चालेल. पिठाचा थेंब टाकला की तो लगेच बुडबुड्यांसह वर यायला हवा. थेंब तळाशी बसून राहिला तर तेल अजून तापायचं आहे.

कढईत एकाच वेळी दहा-बारा वडे सोडले की तापमान धाडकन उतरतं. सोडा जास्त झाला की आवरण जाळीदार होतं आणि तेल ओढून घेतं. सोड्याऐवजी वाटीभर बेसनाला चमचाभर तांदळाचं पीठ घाला, कुरकुरीतपणा तेवढाच येतो.

तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. तळणाचं तेल बिघडलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल मोडून तयार होणारे घटक, वाढतात आणि ती २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८पासून आहे. घरी ते मोजता येत नाही. म्हणून थोडंच तेल घेऊन तळा, उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा आणि काळपट, फेसाळ झालेलं टाकून द्या.

एअर फ्रायरमध्ये पीठ लावलेला बटाटावडा ठेवू नका. पातळ पीठ जाळीतून गळतं, उरतं ते कोरडं पडतं. आप्पेपात्रात वडा जमतो, फक्त पीठ नेहमीपेक्षा घट्ट हवं, पात्र आधी चांगलं तापवलेलं हवं आणि प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब हवेत. पण खरं सांगायचं तर तो वेगळाच पदार्थ होतो. ज्याला अस्सल वडाच खायचा आहे त्याने दोन वडे नीट तळून खावेत, सोबत वाटीभर काकडीची कोशिंबीर घ्यावी. मशीनमध्ये करायचंच असेल तर अळूवडी आणि कोथिंबीर वडी करा. त्या आधीच उकडलेल्या असतात, वरून तेलाचा हात फिरवला की झकास होतात.

गूळ घातला म्हणजे गोड चालतं, असं समजणं

१०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० किलोकॅलरी असतात आणि गुळात त्याहून किंचितच कमी. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण मुख्य भाग साखरेचाच. शिवाय गूळ कमी गोड लागतो म्हणून जास्त घातला जातो. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा बदल म्हणजे बदलच नाही. खजुराचं किंवा मधाचंही तसंच.

प्रमाण कमी करणं हाच उपाय, आणि तो हळूहळू करावा लागतो. शिऱ्याला वाटीला वाटी साखर घालत असाल तर या वेळी पाऊण वाटी घाला, पुढे काही वेळा ती तेवढीच ठेवा आणि मग अर्ध्यावर या. वेलची, जायफळ, केशर थोडं वाढवलं की कमी साखर लक्षात येत नाही. श्रीखंडात मात्र एक अडचण येते. साखर विरघळताना चक्का सैल करते आणि त्याला चकाकी आणते, त्यामुळे साखर कमी केली की श्रीखंड घट्ट, कोरडं लागतं. अशा वेळी चमचा-दोन चमचे दूध घालून चक्का पुरणयंत्रातून दोनदा काढा.

गुळाची खीर फाटत असेल तर गॅस बंद करा, खीर कोमट होऊ द्या आणि मगच गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ घालू नये, विशेषतः त्याला आंबूस वास येत असेल तर.

गहू एकदम काढून ज्वारी-नाचणी

ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पोळीला लागणारी चिवट ताण त्यांच्या पिठाला येत नाही. पुरणपोळीची कणीक पूर्ण नाचणीची केली की ती लाटतानाच फुटणार. पुरणपोळीला कणीकच ठेवा, मैदा तेवढा काढा आणि कणीक भिजवून तासभर मुरू द्या. रोजच्या पोळीत एक चतुर्थांश नाचणीपासून सुरुवात करा. भाकरी तुटत असेल तर पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे तिच्यासाठी एवढी खटपट करावीच.

थालीपिठात ओट्स घालायची मात्र काही गरज नाही. भाजणीत धान्यं, डाळी, धने-जिरे सगळं आधीच आहे. त्यात किसलेला दुधी किंवा कोबी घाला, मधल्या भोकात चमचाभर तेल सोडा आणि झाकण ठेवून होऊ द्या.

साबुदाण्याच्या खिचडीत तूप कमी, बाकी सगळं तेच

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं आणि तंतू नगण्य असतात, त्यामुळे नुसतं तूप कमी करून फारसं काही साधत नाही. निम्मा साबुदाणा आणि निम्मी वेगळी शिजवून मोकळी केलेली भगर घ्या, दाण्याचं कूट सढळ ठेवा, सोबत दही किंवा ताक घ्या. खिचडीचा गोळा होतो तो तूप कमी झाल्याने नाही, जास्त पाण्यात भिजवल्याने. साबुदाणा धुवून पाणी जेमतेम दाणे बुडतील एवढंच ठेवा आणि परतण्याआधीच त्याला कूट चोळा.

पावभाजीत लोणी सुरुवातीलाच घालणं

तळाशी घातलेलं लोणी भाजीत विरून जातं, त्याचा वासही लागत नाही, म्हणून वरून पुन्हा घातलं जातं. कांदा-टोमॅटो चमचाभर तेलात शिजवा आणि लोणी गॅस बंद केल्यावर, ताटलीत वाढताना घाला. एका माणसाला एक छोटा चमचा पुरतो. बटाटा एक तृतीयांशावर आणा, पण पूर्ण काढू नका, भाजी मिळून येते ती त्याच्यामुळेच. बाकी फ्लॉवर, मटार, दुधी. या भाज्यांना पाणी सुटतं, म्हणून घोटल्यावर झाकण न ठेवता दाट होईपर्यंत आटवा. मीठ शेवटी चाखून घाला, कारण लोणी खारं असतं आणि पावातही मीठ असतं. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पापड-लोणच्यासकट आहे.

घरात कुरकुर होणार असेल तर सुरुवात पावभाजीपासूनच करा. तिच्यात भाज्या वाढल्या तरी चव सहसा बदलत नाही. ती जमली की मिसळीकडे वळा आणि गोडाधोडाला सगळ्यात शेवटी हात लावा.