मुलांकडून कविता लिहून घेताना: गुगल स्लाइड्स आणि अष्टाक्षरी

चौथी-पाचवीच्या मुलांना कोरा कागद देऊन "कविता लिहा" म्हटलं, की 'पाऊस आला, मोर नाचला' ठरलेलं. यमक जुळलं की मुलं खूश, आपणही खूश. म्हणून नवीन शिक्षकांना मी आधी गुगल स्लाइड्स उघडायला सांगते. एका स्लाइडवर तीसेक शब्द, प्रत्येक वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये. मुलांनी ते ओढून ओळी जुळवायच्या. टायपिंगची कटकट नाही आणि खोडाखोडही दिसत नाही, त्यामुळे मुलं बिनधास्त बदल करतात. गटागटाला वेगळी प्रत द्या, नाहीतर एकाच शब्दावरून ओढाओढी होते!

असे खेळ इंग्रजीत तयार मिळतात, पण त्यांतले शब्द नुसते मराठीत करून भागत नाही. 'पाऊस', 'होडी', 'आई' एवढंच दिलं तर ओळ उभीच राहत नाही. प्रत्यय लावूनच शब्द द्या: पावसाच्या, पावसात, होडीवर, आईला. क्रियापदं भरपूर हवीत. चार-पाच बॉक्स रिकामे ठेवा, मुलांचे स्वतःचे शब्द तिथेच येतात.

मग अष्टाक्षरी. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. इथे मात्र यंत्रावर विसंबू नका. 'स्वप्न' दोन अक्षरी. गुगल शीट्सचं लांबी मोजणारं सूत्र त्याला सहा म्हणतं, कारण ते हलन्तही (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) वेगळे मोजतं. बोटांवर मोजणंच बरं, कानही तयार होतो. एका गटाचं हे बघा:

पावसाच्या पाण्यावर
माझी होडी डुलतेय
आई हाक मारतेय
मला ऐकू येत नाही

शेवटच्या ओळीत यमक नाही. मी ते जुळवायला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. यमक सुचवणाऱ्या साइट्स आणि एआय तर सुरुवातीला लांबच ठेवा. मुलं पहिला पर्याय उचलून मोकळी होतात.

फाइलची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे आधीच्या बदलांची नोंद, जरूर उघडा. वरच्या कवितेत आधी 'आई मला रागावते' होतं. ते का बदललं, एवढं विचारलं तरी अर्धा तास गप्पा रंगतात. तयार कविता पॅडलेटवर, म्हणजे एका ऑनलाइन फलकावर, लावता येतात. मुलांना खातं काढावं लागत नाही. तुम्ही पाहिल्याशिवाय काही दिसू नये म्हणून मंजुरीचा पर्याय चालू ठेवा आणि मुलांची आडनावं, फोटो टाकू नका.