उत्तरतालिका उघडण्यापूर्वी : अर्थशास्त्र, लेखाकर्म आणि संख्याशास्त्राच्या सरावाची तयारी

सरावाला बसण्यापूर्वी उत्तरांची पाने वेगळ्या लखोट्यात घालून बाजूला ठेवावीत, हे या यादीतले पहिले काम. या तिन्ही विषयांच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमातल्या बहुतेक उदाहरणांत उत्तर पडताळण्याची सोय उदाहरणातच दडलेली असते. तालिका हाताशी असली की ती सोय वापरण्याची गरज वाटत नाही आणि परीक्षेत तर तालिका मिळत नाही. म्हणून प्रत्येक उदाहरणाखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात आणि आपले उत्तर कशावरून तपासले ते तिथे लिहावे. त्या ओळी कोऱ्या राहिल्या, तर ते उदाहरण अजून सुटलेले नाही असे धरावे.

साहित्य फारसे लागत नाही. आलेख कागद, मोजपट्टी, रकाने आखलेली वही आणि परीक्षेत नेणार तोच कॅल्क्युलेटर एवढे पुरते. मात्र कॅल्क्युलेटरची ओळख आधी करून घ्यावी. सांख्यिकी सोय असलेल्या यंत्रावर प्रमाण विचलनाच्या (निरीक्षणे मध्याभोवती किती पसरली आहेत त्याच्या मापाच्या) सहसा दोन कळा असतात : एक निरीक्षणांच्या संख्येने भागणारी, दुसरी त्या संख्येतून एक वजा करून भागणारी. कोणती कोणती, हे पाहण्यासाठी २, ४, ४, ६, ९ ही पाच निरीक्षणे भरावीत. मध्य ५ येतो, विचलने −३, −१, −१, १ आणि ४ येतात, त्यांची बेरीज शून्य भरते आणि वर्गांची बेरीज २८ होते. आता ५ ने भागून वर्गमूळ घेतले तर २.३७ आणि ४ ने भागून घेतले तर २.६५. ज्या कळेवर २.६५ दिसेल ती नमुन्यासाठी, हे वहीच्या पहिल्याच पानावर नोंदवून ठेवावे.

अर्थशास्त्राची उदाहरणे चुकतात ती गणितापेक्षा आकृतीत. समीकरणात मागणी ही किंमतीवर अवलंबून असलेली राशी म्हणून लिहिली जाते, पण आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून रूढ झालेली ही प्रथा गणिताच्या सवयीच्या अगदी उलटी आहे. मागणी = १२० − २ × किंमत असे दिले असेल, तर उभ्या अक्षावरचा बिंदू १२० नसून ६० आहे आणि रेषेचा उतार −२ नसून −१/२ आहे. त्यामुळे दोन्ही अक्षांवरचे छेदबिंदू आधी काढून मगच रेषा ओढावी.

याच मागणीला पुरवठा = ३ × किंमत − ३० ही जोड दिली, तर समतोल किंमत ३० आणि समतोल नग ६० येतात. दोन्ही समीकरणांत ३० घालून दोन्हीकडे ६० येतात का हे पाहणे म्हणजे पडताळा. पुढे विक्रेत्यावर प्रतिनग १० कर बसला असे म्हटले, की अनेकजण समतोल किंमतीत १० मिळवून ४० लिहितात. प्रत्यक्षात विक्रेत्याच्या हाती किंमतीतून १० वजा जाऊन रक्कम पडते, म्हणून पुरवठा ३ × (किंमत − १०) − ३० असा लिहावा लागतो; ग्राहक ३६ देतो, विक्रेत्याला २६ मिळतात आणि नग ४८ विकले जातात. ग्राहकावर ६ आणि विक्रेत्यावर ४ असा भार का पडला, याचे उत्तर लवचिकतेत, म्हणजे किंमत बदलली की नग किती प्रमाणात बदलतात त्यात, आहे. जुन्या समतोलाशी मागणीची लवचिकता १ आहे (चिन्ह सोडून) आणि पुरवठ्याची १.५, भार याच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो, म्हणजे ग्राहक आणि विक्रेता यांच्यात १.५ : १. दोन वेगळ्या वाटांनी ६ आणि ४ हेच आकडे आले, की उत्तराबद्दल शंका उरत नाही.

लवचिकतेच्या उदाहरणात कोणती पद्धत विचारली आहे, या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारावी. किंमत २० वरून २५ झाली आणि मागणी १०० वरून ८० वर आली, तर साध्या टक्केवारीने लवचिकता ०.८ येते, तोच बदल उलट दिशेने मोजला तर १.२५ येते. मध्यबिंदू पद्धतीने दोन्ही दिशांना १ येते आणि हा १ खरा आहे का हे एकूण खर्चावरून लगेच कळते, कारण २० × १०० आणि २५ × ८० दोन्ही २,००० आहेत. खर्चाच्या तक्त्यांबाबत एवढेच पाहावे की, सीमांत खर्च (आणखी एका नगाचा खर्च) सरासरीपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक ओळीत सरासरी उतरत आहे का. उतरत नसेल तर बेरजेत चूक आहे.

लेखाकर्मावर सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे, कारण तिथे समजलेले आणि हाताला वळलेले यांतले अंतर सर्वांत मोठे असते. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहाराच्या नावे आणि जमा बाजू लिहिण्याआधी कोणती दोन खाती आणि ती कोणत्या प्रकारची, हे तोंडाने म्हणावे. शांतपणे, पण म्हणावेच. खतावणी (नोंदी ज्या त्या खात्यात उतरवणे) झाल्यावर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिल्लकांची यादी, जुळली नाही, तर सगळे पुन्हा लिहायला घेण्यापूर्वी फरकाच्या आकड्याकडे पाहावे. समजा फरक ५४० आहे. त्याच्या निम्मे २७० : ही रक्कम कुठे चुकीच्या बाजूला गेली आहे का, ते आधी शोधावे. ५४० ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणून अंकांची अदलाबदल झाली असण्याचीही शक्यता आहे; १,८२० च्या जागी १,२८० लिहिले गेले की नेमका एवढाच फरक पडतो. नऊचा भाग जाणे ही खूण आहे, पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

जुळलेली तेरीजही निर्दोष असतेच असे नाही. एखादा व्यवहार नोंदवायचाच राहिला, यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्याला नावे टाकला, किंवा समान रकमेच्या दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरी दोन्ही बेरजा सारख्याच येतात. म्हणून तेरीज जुळल्याच्या आनंदात पुढे न जाता महसुली आणि भांडवली खर्चाच्या नोंदी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

अंतिम खात्यांत गुण जातात ते समायोजनांत. प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम असतात. प्रश्नपत्रिकेवरच त्या समायोजनेपुढे पेन्सिलीने दोन छोट्या रेघा माराव्यात आणि परिणाम लिहिला की एकेक खोडावी. एकच रेघ खोडली गेली असेल तर ताळेबंद का जुळत नाही हे शोधत बसावे लागत नाही. वर्ष संपायला तीन महिने असताना बारा महिन्यांचा विमा १२,००० भरला असेल, तर ३,००० खर्चात आणि ९,००० पूर्वदत्त म्हणून मालमत्ता बाजूला येतात. संशयित कर्जाचे समायोजन त्याहून फसवे. तेरजेत ऋणको (ज्यांच्याकडून येणे आहे ते) ५०,००० आहेत, तेरजेबाहेर २,००० बुडीत लिहायचे आहेत आणि संशयित कर्जासाठी नवा निधी ५ टक्के ठेवायचा आहे. अशा वेळी निधी ४८,००० वर, म्हणजे २,४०० येतो, २,५०० नव्हे. जुना निधी १,५०० असेल आणि तेरजेत आधीचे बुडीत कर्ज नसेल, तर नफा-तोटा पत्रकात २,००० + २,४०० − १,५०० = २,९०० जातात आणि ताळेबंदात ऋणको ४५,६०० दिसतात. हे उदाहरण आकडे बदलून किमान पाच वेळा करावे. घसाऱ्यात मात्र एकच गोष्ट पाहायची : मालमत्ता वर्षाच्या मधे घेतली आहे का.

संख्याशास्त्रात सूत्रे पाठ असतात. कोणते सूत्र लावायचे इथे गाडे अडते. त्यामुळे आकडे भरण्याआधी दिलेली माहिती संपूर्ण समष्टीची आहे की नमुन्याची, हे एका वाक्यात लिहावे. उत्तर आल्यावर ते शक्यतेच्या चौकटीत बसते का ते पाहावे. मध्य सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या निरीक्षणांच्या मधेच असला पाहिजे आणि समष्टीचे प्रमाण विचलन विस्ताराच्या (सर्वांत मोठ्या आणि लहान निरीक्षणांतल्या फरकाच्या) निम्म्याहून जास्त असूच शकत नाही. वरच्या पाच निरीक्षणांचा विस्तार ७ आहे, म्हणून ३.५ च्या वर काहीही आले तर बटण चुकले आहे.

दोन समाश्रयण रेषा (एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणाऱ्या) देऊन कोणती कोणाची ते ओळखा, हा प्रश्न असाच सुटतो. एका गृहीतकाने गुणांक −०.८ आणि −०.४५ आले, तर गुणाकार ०.३६ आणि सहसंबंध गुणांक −०.६, चिन्ह समाश्रयण गुणांकांचेच घ्यायचे असते, आणि घाईत ०.६ लिहून मोकळे होणारे पुष्कळ. रेषा उलट धरल्या असत्या, तर गुणांक −१.२५ आणि −२.२२ आले असते, गुणाकार २.७८, म्हणजे १ च्या वर; तेवढ्यावरून गृहीतक चुकल्याचे कळते. सहसंबंध काढण्याआधी बिंदू आलेखावर मांडावेत. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ मध्ये चार संच मांडून दाखवले की मध्य, प्रचरण, सहसंबंध आणि समाश्रयण रेषा जवळजवळ सारखी असूनही चार आकृत्या पूर्णपणे वेगळ्या असू शकतात.

सशर्त संभाव्यतेची उदाहरणे अपूर्णांकांऐवजी माणसे मोजून करावीत. एखादा दोष १ टक्का लोकांत आहे, चाचणी दोष असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना पकडते आणि नसलेल्यांपैकी १० टक्क्यांना चुकून दोषी ठरवते, असे दिले आहे. हजार माणसे घ्यावीत : दहांमध्ये दोष, त्यातले नऊ पकडले जातात, उरलेल्या ९९० पैकी ९९ चुकून सापडतात. म्हणजे चाचणीत सापडलेल्या १०८ जणांपैकी खरोखर दोष असलेले ९, जेमतेम बारातला एक. ९० टक्के हे उत्तर लिहिण्याचा मोह या चौकटीत आपोआप सुटतो.

शेवटच्या आठवड्यात धड्यांनुसार सराव थांबवावा. तिन्ही विषयांची उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून मिसळावीत आणि हाती येईल ती सोडवावी, कारण वर धड्याचे नाव असले की निम्मे उत्तर तेच सांगून टाकते. मग लखोटा उघडावा. तालिकेशी उत्तर जुळले नाही आणि आपल्या दोन ओळींतला पडताळा मात्र चोख आहे, अशी वेळ आली तर आधी दशांश कुठे तोडले ते पाहावे, मग प्रश्न पुन्हा वाचावा, आणि तरीही फरक राहिला तर आपले उत्तर खोडू नये. छापलेल्या तालिकांतही चुका असतात.