नवा हॉर्न घेण्याआधी पिन बघा: गोव्याच्या हवेत गाडीच्या हॉर्नची देखभाल

हॉर्न वाजेनासा झाला की बरेच जण थेट नवी जोडी घेऊन येतात. गोव्यात हा खर्च पुष्कळदा फुकट जातो. इथल्या खाऱ्या, दमट हवेत हॉर्नच्या आधी त्याचा कपलर (तार जोडणारा प्लग), आतली पिन आणि अर्थिंगचा (वीज गाडीच्या बॉडीतून परत नेणारा) बोल्ट गंजतो. नवा हॉर्न त्याच गंजलेल्या पिनेवर चढवला की चार दिवस खणखणीत वाजतो आणि पुन्हा घोगरा होतो. म्हणून तपासणी तारेपासून सुरू करा, हॉर्नला शेवटी हात घाला.

हॉर्न कुठे असतो? बहुतेक गाड्यांत समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढच्या आडव्या पट्टीवर. बॉनेट उघडून वरून टॉर्च मारली की तळहाताएवढी काळी चकती दिसते. गोगलगायीच्या शंखासारखा प्लास्टिकचा हॉर्न असेल तर तो बहुधा बंपरच्या आत एका कोपऱ्यात असतो. तिथे पोहोचायला पुढच्या चाकाच्या वरचं प्लास्टिकचं अस्तर किंवा खालचं कव्हर सोडवावं लागतं. तरीही सापडला नाही तर एकाला आत बसवून हॉर्न दाबायला सांगा आणि आवाजाच्या रोखाने शोधा. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा, कारण गरम इंजिनाचा पंखा न सांगता फिरू लागतो. कान फार जवळ नेऊ नका.

अनेक गाड्यांत हॉर्न दोन असतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक, साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झचे. अंगावर एल आणि एच अशी खूण असते. आवाज अचानक पातळ किंवा नुसताच जाड वाटू लागला, तर दोनांपैकी एक बंद पडला आहे असं समजा.

पूर्ण बंद असेल तर आधी फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर हॉर्नचं चित्र असतं. फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपियरचा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा घाला, मोठा नको. नवाही लगेच उडाला तर तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा हॉर्नची कॉइल शॉर्ट झाली आहे. फ्यूज ठीक असेल तर हॉर्न दाबताना रिलेवर, म्हणजे हॉर्नची वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीवर, बोट ठेवा. ‘टक्’ जाणवलं तर स्टीअरिंगपासून रिलेपर्यंतचा मार्ग चालू आहे. टक् होतं पण आवाज नाही, अशा वेळी रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचा तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर रिलेचे पॉइंट (वीज जोडणारी धातूची टोकं) जळले आहेत. नाही वाजला तर पुढे हॉर्नच्या कपलरपर्यंत जा.

कपलरची चिमटी दाबून तो ओढून काढा. किनाऱ्याजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाडीत आतली पितळी पिन हिरवट-पांढऱ्या भुकटीने माखलेली दिसते, नखाने खरवडली की भुकटी सांडते. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीतून जा-ये करणाऱ्या गाड्यांनी हे जास्त जपावं. भरतीला धक्क्यावरचं खारं पाणी थेट बंपरखाली उडतं. मल्टिमीटरची लाल काडी कपलरच्या हॉर्नकडे येणाऱ्या तारेवर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून हॉर्न दाबायला सांगा. १२ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पही चालतो, पण तो किती व्होल्ट गळतात ते सांगत नाही.

आता अर्थिंग, कारण इथेच खरी गोम असते. कपलर परत लावा. हॉर्न वाजत असताना काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल काडी हॉर्नच्या अर्थ पिनेवर, एकच पिन असेल तर हॉर्नच्या लोखंडी पट्टीवर टेकवा. आकडा जवळपास शून्य, फार तर ०.२ व्होल्ट असावा. पाव-अर्धा व्होल्ट दिसला की तेवढा जोर हॉर्नला मिळत नाही आणि आवाज मरतो. एका पिनेचा हॉर्न पट्टीच्या बोल्टमधूनच अर्थ घेतो, त्यामुळे तो बोल्ट गंजला की नवा हॉर्नही मुका.

साफसफाईआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पिन ४०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या बारीक पट्टीने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. कपलरमधली पिन सैल झाली असेल तर पकडीने हळूच दाबा. तारेचं टोक आत काळं-हिरवं पडलेलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे छाटून नवी पिन बसवा. काळ्या तारेवर पिन दाबण्यात अर्थ नाही. अर्थिंगचा बोल्ट सोडून खालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीसचा हात फिरवा. कपलरवर डायइलेक्ट्रिक ग्रीस किंवा व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो.

वीज बरोबर मिळूनही आवाज घोगरा असेल तर हॉर्नच दोषी. आत कॉइल डायफ्रॅमला (थरथरणाऱ्या पातळ पत्र्याला) ओढते, ओढताच पॉइंट सुटतात, डायफ्रॅम परत येतो, असं सेकंदाला शेकडो वेळा होतं. पॉइंट झिजले की ही चाल बिघडते. काही हॉर्नच्या मागे समायोजनाचा स्क्रू असतो. आधी पेनाने खूण करा आणि एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा, प्रत्येक वेळी वाजवून बघा. स्क्रू फार आत गेला तर करंट वाढून पॉइंट जळतात. स्क्रूवर लाख किंवा रंग असेल, किंवा स्क्रूच नसेल, तर नवा हॉर्न घेणंच बरं. चकतीच्या तोंडावर डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातला तांबडा चिखल थापला गेला तरी आवाज दबतो. तो ब्रशने झाडा, प्रेशर पंपाची धार जाळीतून आत मारू नका.

स्टीअरिंग एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल, सोबत एअरबॅगचा दिवा लागत असेल, तर स्टीअरिंगखालची गुंडाळी केबल तुटत आली आहे. तिथे एअरबॅग असते. घरी अजिबात उघडू नका. हॉर्न अडकून वाजतच राहिला तर रिले किंवा फ्यूज काढा, मग कारण शोधा.

तपासणी दोनदा तरी करा: मेअखेर, पाऊस सुरू होण्याआधी, आणि चवथीच्या सुमारास. अनमोड किंवा चोर्ला घाटातल्या धुक्यात, आंधळ्या वळणावर हॉर्न म्हणजे समोरच्याला आपण आहोत हे सांगायचा एकमेव मार्ग असतो, म्हणून घाटात जाण्याच्या आदल्या दिवशी एकदा वाजवून बघा.

बदलायचाच झाला तर एल आणि एच अशी जोडी घ्या. मूळपेक्षा जास्त अँपियरचा हॉर्न असेल तर बॅटरीपासून फ्यूज टाकून वेगळा रिले आणि २.५ चौरस मिलिमीटरची तार द्या. सूर बदलत जाणारे किंवा कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत. बसवताना शंखाचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी साठेल. चकती जाळीला किंवा पत्र्याला कुठेही टेकत नाही ना ते बोट फिरवून बघा, आणि बंपर परत चढवण्याआधी दोन्ही हॉर्न वेगवेगळे वाजवून ऐका.