एचआयव्हीची शंका आली तर: पुरुषांनी काय पाहावं, चाचणी कधी आणि कुठे करावी

निरोध न वापरता संबंध आला, पंधरा-वीस दिवसांनी ताप भरला, घसा धरला, छातीवर पुरळ उठली. मग रात्रभर मोबाइलवर शोधाशोध सुरू. डॉक्टरकडे गेलं तरी 'व्हायरल वाटतोय' एवढंच सांगायचं, बाकीचं पोटात ठेवायचं. असे दिवस काढणारे पुरुष बरेच असतात. लक्षणं कितीही ताडून पाहिली, तरी एचआयव्ही आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. ते चाचणीच सांगते, आणि चाचणीवर कधी विसंबायचं हे संबंधाच्या तारखेवर अवलंबून असतं. तेव्हा आधी ती तारीख नीट आठवून लिहून ठेवा.

७२ तास उलटले नसतील तर आधी हे करा

पुढचं वाचणं नंतर. सरकारी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, एआरटी केंद्र (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं सरकारी केंद्र) किंवा संसर्गजन्य आजारांचे खासगी डॉक्टर, जे जवळ असेल ते गाठा आणि 'पीईपी हवी आहे' असं स्पष्ट सांगा. पीईपी म्हणजे धोक्याच्या संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायचा गोळ्यांचा २८ दिवसांचा कोर्स. पहिल्या काही तासांत सुरू केला तर उत्तम. ७२ तासांनंतर त्याचा भरवसा नाही. 'उद्या बघू' म्हणण्यात बहुतेकांची ही संधी जाते.

खरंच धोका होता का?

निरोधाशिवाय योनीमार्गे किंवा गुदमार्गे संबंध, निरोध फाटणं, दुसऱ्याने वापरलेल्या सुईने नशा करणं, इथे धोका आहे. गुदमार्गे संबंधात तो जास्त, आणि ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याला सर्वाधिक. मुखमैथुनात धोका फार कमी. चुंबन, डास, एकत्र जेवण, एकच संडास यांतून एचआयव्ही होत नाही. याच भीतीने झोप उडाली असेल, तर तुम्हाला समुपदेशकाशी बोलण्याची गरज चाचणीपेक्षा जास्त आहे.

लक्षणं कशी दिसतात

लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंग मोडून येतं, पुरळ उठते, तोंड येतं, मानेत-काखेत गाठी किंवा जांघेत अवधाण येतं, रात्री घामाने अंथरूण भिजतं. हे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप जातं. डेंग्यूच्या हंगामात तर हे ओळखू येणं जवळपास अशक्य. शिवाय कित्येकांना यातलं काहीच होत नाही.

त्यानंतर शांतता. औषध नसेल तरी आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसू शकतो, कामाला जातो, आणि नकळत दुसऱ्याला लागण देत राहतो. 'मला काही होत नाही, म्हणजे मी ठीक' हा हिशेब इथे चालत नाही.

प्रतिकारशक्ती ढासळल्यावर जे दिसतं ते वेगळं: वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट, महिनाभर न थांबणारे जुलाब किंवा ताप, जिभेवर पांढरा थर, तरुण वयात नागीण, आणि आपल्याकडे विशेष करून टीबी. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी करतात ती यामुळेच.

पुरुषांची म्हणून खास वेगळी लक्षणं फारशी नाहीत. लिंगावर जखम, लघवीच्या जागेतून पू, लघवीला जळजळ ही बहुधा दुसऱ्या गुप्तरोगांची लक्षणं. पण ती दुर्लक्षू नका. जखम असेल तर एचआयव्हीला शिरकाव सोपा होतो. मेडिकलमधून मलम आणून लावत बसू नका. सिफिलिसची आणि हेपॅटायटिस बी-सीचीही तपासणी करून घ्या.

चाचणी कधी?

प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेऊन होणारी चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, तर त्यावर विश्वास ठेवता येतो. बोट टोचून होणाऱ्या रॅपिड चाचणीसाठी ९० दिवस धरा. व्यवहारी मार्ग असा: एक चाचणी आत्ताच करा, म्हणजे जुनी लागण असल्यास कळेल, दुसरी तीन महिने झाल्यावर. पीईपी घेतली असेल तर पुढच्या तारखा डॉक्टरांकडून घ्या. मधल्या काळात निरोध वापरा. आणि फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान करायला मुळीच जाऊ नका. लागण ताजी असेल तर ती तपासणीतून निसटू शकते आणि ते रक्त दुसऱ्या कुणाला चढू शकतं.

कुठे आणि कशी?

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं इथे आयसीटीसी असतं, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र. पैसे पडत नाहीत, उपाशीपोटी जायची गरज नाही. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.

आत गेल्यावर समुपदेशक आधी बोलतात. संबंध बाईशी होता की पुरुषाशी, पैसे देऊन होता का, हे खरं सांगा. त्यांच्यासाठी हे रोजचं आहे. पुरुषांशी संबंध असणाऱ्यांना मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांकडे अधिक मोकळं वाटू शकतं. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही.

निकाल हातात आल्यावर

पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीची शक्यता दाखवणारी, आली म्हणजे लगेच पॉझिटिव्ह नव्हे. वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी खात्री केल्यावरच निदान होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात अनेकदा एकच चाचणी होते, त्यामुळे पुढे आयसीटीसीला पाठवलं तर घाबरून घरी परतू नका, जा.

निदान पक्कं झालं तर एआरटी केंद्रात नोंदणी होते आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, औषध सुरू होतं. ते २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, पण ती जन्मभर, न चुकवता. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बायकोला किंवा जोडीदाराला कसं सांगायचं हा खरा अवघड भाग. त्यासाठी समुपदेशकासमोर दोघांनी एकत्र बसण्याची सोय मागून घ्या, आणि जोडीदाराची चाचणीही त्याच फेरीत उरका.