प्रौढांना शिकवताना : कोण कसे शिकते हे ओळखण्याची रीत

प्रौढ साक्षरता वर्ग घेणाऱ्या नव्या स्वयंसेवकाला जे मार्गदर्शन मिळते, त्यात पुष्कळदा एक वर्गवारी असते : काही माणसे पाहून शिकतात, काही ऐकून आणि काही हाताने करून, म्हणून आधी समोरच्याचा प्रकार ओळखावा आणि मग त्याला त्याच मार्गाने शिकवावे. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी वाचून-लिहून शिकणाऱ्यांचा चौथा प्रकार त्यात घातला आणि १९९२ पासून त्यांची प्रश्नावली जगभर वापरात आली. पुढे २००४ मध्ये ब्रिटनमधील फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वर्गवाऱ्यांची मोजदाद केली, तेव्हा त्या तब्बल ७१ भरल्या. एवढी गर्दी झाल्यावर, यांतली नेमकी कोणती धरून शिकवायचे, असा प्रश्न शिक्षकाला पडणारच. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे संशोधन तपासले आणि ‘प्रकारानुसार शिकवल्यास अधिक शिकले जाते’ या म्हणण्याला पुरेसा आधार नसल्याचा निष्कर्ष काढला.

माणसांना आवडीनिवडी नसतात, असा याचा अर्थ नव्हे. एखाद्या काकूंना गोष्ट ऐकायला आवडते, एखाद्या दादांना फळ्यापाशी उभे राहून स्वतः लिहायला आवडते. परंतु जे आवडते त्यानेच अधिक शिकले जाते, असे त्यावरून म्हणता येत नाही. साक्षरता वर्गात तर आणखी एक अडचण आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्नावली भरायला देता येत नाही, आणि तोंडी विचारले तर आयुष्यभर सगळे व्यवहार ऐकूनच करत आलेली बाई ‘मला ऐकून समजतं’ असेच सांगणार. तिचे उत्तर खोटे नसते. पण ती आजवर कशी जगली ते त्यातून कळते, तिला अक्षर कसे येईल ते कळत नाही. अक्षर शेवटी डोळ्यांनीच वाचायचे असते. म्हणून कोणती पद्धत वापरायची हे शिकवायच्या गोष्टीवरून ठरवावे, आणि माणसामाणसांतला फरक शोधायचाच असेल तर तो त्यांच्या शरीरात, बोलीत, त्यांना आधीपासून येत असलेल्या हिशोबात आणि मनातल्या संकोचात शोधावा.

पहिल्या आठवड्यात काय पाहावे

‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ हा केंद्र शासनाचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा कार्यक्रम १५ वर्षे व त्यापुढील असाक्षरांसाठी आहे आणि त्यात शिकवणारे स्वयंसेवक मानधन घेत नाहीत. वेळ थोडा असल्यामुळे पहिल्याच दिवशी पुस्तक उघडण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्याऐवजी गप्पांच्या ओघात काही गोष्टी विचारून घ्याव्यात : आपली एसटी कशी ओळखता, बँकेचा मेसेज आला तर कोण वाचून दाखवतं, बचत गटाच्या वहीत आपली ओळ कशी सापडते, रेशनचं धान्य बरोबर मिळालं हे कसं पडताळता? एक जण सांगेल की कंडक्टरला विचारतो. दुसरी सांगेल की ओळखीच्या बायका जिथे उभ्या राहतात तिथेच मी थांबते. तिसरी मात्र सांगेल की आमच्या गावाच्या पाटीवर सुरुवातीला गोल गाठीचे अक्षर असते आणि नाव आखूड असते. ही तिसरी बाई आकारावरून शब्द ओळखू लागलेलीच आहे. तिला मुळाक्षरांच्या तक्त्यापुढे बसवण्याआधी गावांच्या नावांचे पूर्ण शब्द द्यावेत.

याच आठवड्यात डोळ्यांकडे लक्ष द्यावे, कारण ‘या बाईंना पाहून काही कळत नाही’ असा शेरा ज्यांच्याविषयी मारला जातो, त्यांतल्या कित्येकींना फक्त चाळिशी लागलेली असते. पुस्तक हात लांब करून धरणे, मान मागे घेणे, दुपारी वाचता येणारे संध्याकाळी न येणे, ही त्याची लक्षणे आहेत. चाळिशीच्या पुढे जवळचे दिसणे कमी होतेच. त्यामुळे डोळे तपासून चष्मा मिळेपर्यंत अक्षरे तळहाताएवढी काढावीत आणि दिवा पाठीमागे येऊन वहीवर स्वतःचीच सावली पडणार नाही, अशा ठिकाणी बसवावे. हाताचेही तसेच आहे. खुरपे आणि विळा धरणाऱ्या हाताला बारीक पेन्सिल हलकी धरता येत नाही. टोक मोडते, कागद फाटतो आणि बाई ओशाळतात. अशा वेळी फरशीवर खडूने मोठे लिहू द्यावे. हात बसल्यावर वही आणता येते.

बोलीचा मुद्दा मात्र प्रशिक्षणात बहुधा राहून जातो. खेड्यापाड्यांतल्या बहुतेक बोलींत ‘पाणी’ हे ‘पानी’ असते आणि वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. शिक्षक ‘ण’ म्हणतो, शिकणाऱ्याच्या कानाला तो ‘न’च वाटतो आणि मग श्रुतलेखनात ‘पानी’ लिहिले जाते. हा श्रवणशक्तीचा दोष नाही आणि बुद्धीचा तर मुळीच नाही. आधी त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेला शब्द वाचू द्यावा, आणि पुस्तकात तो वेगळा दिसतो, हे नंतर शेजारी लिहून दाखवावे. उच्चार सुधारण्याचा खटाटोप करू नये. साक्षरता वर्गाचे ते काम नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षर शिकवताना सगळ्यांना सगळे मार्ग द्यावेत

सुरुवात शिकणाऱ्याच्या नावापासून करावी, पण नाव पाहून. ‘कमल’ हे नाव शिकवणाऱ्याच्या दृष्टीने सोन्यासारखे आहे : काना नाही, वेलांटी नाही, आणि या तीन अक्षरांतूनच ‘कलम’ आणि ‘मलम’ हे ओळखीचे शब्द निघतात. शिक्षकाने अक्षर मोठे काढावे. शिकणाऱ्याने ते ऐकावे, तोंडाने म्हणावे, म्हणतानाच त्यावरून बोट फिरवावे, मग ते पुसून न पाहता स्वतः लिहावे. डोळा, कान, तोंड आणि हात यांना एकाच वेळी कामाला लावणारी ही रीत कोणा एका प्रकारच्या माणसासाठी राखून ठेवू नये, कारण अक्षराला आकारही असतो, आवाजही असतो आणि हाताचे वळणही असते. नाव ‘सुभद्रा’ असेल तर मात्र उकार आणि जोडाक्षर सुरुवातीलाच समोर उभे राहते. अशा वेळी सहीपुरते नाव चित्रासारखे गिरवू द्यावे, त्याची फोड करत बसू नये आणि अक्षरओळख दुसऱ्या सोप्या शब्दापासून, उदाहरणार्थ ‘घर’ किंवा ‘मका’, सुरू करावी.

ज्यांचे पाठांतर दांडगे आहे, त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. ओव्या आणि हरिपाठ मुखोद्गत असलेल्या आजी वर्गात सर्वांत पुढे आहेत असे वाटते, कारण कालचा धडा त्या आज घडाघडा म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात त्या धडा वाचत नसतात, आठवत असतात. हे ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. त्यांच्याच तोंडचे एखादे वाक्य, समजा ‘आज बाजारात कांदा स्वस्त झाला’, कागदावर लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी बोट ठेवून वाचायला सांगावे. तोंडून ‘स्वस्त’ निघते तेव्हा बोट ‘कांदा’वरच असेल, तर ते पाठांतर आहे. मग त्या कागदाचे शब्दाशब्दाने तुकडे करावेत, ते उलटसुलट मांडावेत आणि वाक्य पुन्हा जुळवायला लावावे. शब्द पक्के झाले की त्यांचीही अक्षरे सुटी करावीत. पाठांतराची ताकद वाया जात नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे आजींना शब्द जुळवणे इतरांपेक्षा लवकर जमते. फक्त पाठांतरालाच वाचन समजण्याची गफलत होऊ देऊ नये.

हिशोब : इथे शिकणारा शिक्षकाच्या पुढे असतो

भाजी विकणाऱ्या मावशी ६० रुपये किलोचा पाऊण किलो माल ४५ रुपयांना देतात आणि शंभराची नोट घेऊन सुटे परत करताना वजाबाकी करतच नाहीत. पंचेचाळीसला पाच घातले की पन्नास आणि वर पन्नास, असे मोजत त्या ५५ रुपये हातावर ठेवतात. याच मावशींना १०० खाली ४५ लिहून दिले, की शून्यातून पाच जात नाहीत म्हणून शेजारी उसने मागायला जावे, तर तिथेही शून्यच, आणि त्या तिथेच अडतात. त्यांना गणित येत नाही असे नसून आपली मांडणी त्यांच्या रीतीची नाही, एवढेच. म्हणून त्यांची वर मोजत जाण्याची रीतच आधी कागदावर उतरवावी : ४५ + ५ = ५०, ५० + ५० = १००, म्हणून परत द्यायचे ५५. हातच्याची उभी वजाबाकी त्यानंतर शिकवावी आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहू द्यावीत.

संख्यालेखनात एक चूक इतक्या जणांकडून होते की ती कोणा एकाच्या शिकण्याच्या पद्धतीवर ढकलता येत नाही. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, म्हणून ३ आधी लिहिला जातो आणि ३४ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यानामे आली आणि त्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा मूळ अडचण हीच होती. लहान मुलांसाठी काय योग्य, हा वाद बाजूला ठेवला तरी प्रौढांच्या कानात ‘त्रेचाळीस’ पक्के बसलेले असते आणि ते बदलण्याची गरज नसते. दहाच्या चार नोटा डावीकडे आणि एक रुपयाची तीन नाणी उजवीकडे ठेवायला सांगावीत, आणि ज्या क्रमाने पैसे मांडले त्याच क्रमाने अंक लिहायला लावावेत. त्याचबरोबर मोबाईलवरचे अंकही शिकवावे लागतात, कारण पुस्तकातला ४ हा मोबाईलवरच्या इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ हा इंग्रजी नवासारखा. चुकीच्या नंबरला फोन लागण्याचे हे एक साधे कारण आहे. अंकांचे दोन संच एकाच दिवशी शिकवू नयेत. पहिला पक्का झाल्यावर दुसरा घ्यावा.

संकोच आणि वेळ

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये आपल्या घरी शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली, कारण शिकणारे दिवसा कामावर असत. आजही वर्गाची वेळ शिक्षकाच्या सोयीने ठरली की उपस्थिती घसरते आणि दोष मात्र शिकणाऱ्याच्या अनास्थेला दिला जातो. सुगीच्या दिवसांत वर्ग बंद करण्यापेक्षा तो वीस मिनिटांवर आणावा आणि त्या वीस मिनिटांत नवे काही न शिकवता मागचे न पाहता आठवून लिहायला लावावे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहून काढणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. वयस्क शिकणाऱ्यांनाही ही रीत लागू पडायला हरकत नाही. फक्त तिला ‘परीक्षा’ म्हणू नये.

वर्गात सासू आणि सून शेजारी बसल्या असतील, तर सुनेने आधी वाचून दाखवले की सासूबाई त्या दिवसापुरत्या गप्प होतात. अशा जोड्या वेगळ्या बसवाव्यात; जावा-जावा किंवा शेजारणी एकत्र चालतात. वयाने मोठ्या माणसांना आजी, काका, मावशी, दादा अशीच हाक मारावी आणि विशीतल्या शिक्षकाने ‘शाब्बास’ म्हणण्याऐवजी ‘बरोबर आहे’ म्हणावे. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावणे पहिले दोन महिने टाळावे. जो बोलत नाही तो ऐकून शिकणारा आहे, असे समजून त्याला सोडून देऊ नये. त्याच्याजवळ बसून हळू आवाजात वाचून घ्यावे, म्हणजे तो कुठे अडला आहे हे कळते.

उल्लासच्या मूल्यमापन चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण असतात. चाचणीला महिना राहिला की ‘जोड्या लावा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘योग्य पर्यायाला गोल करा’ हे शब्द स्वतंत्र धडा म्हणून शिकवावेत. शाळेत कधीच न गेलेल्या माणसाला उत्तर येत असूनही हा प्रश्न करायला काय सांगतो आहे, ते कळत नाही. डावीकडच्या शब्दापासून उजवीकडच्या चित्रापर्यंत रेघ ओढायची असते, हे त्याला कोणीतरी एकदा हाताने करून दाखवावे लागते.