घरी स्टेअरिंग कॉलम उतरवताना

ड्रायव्हर एअरबॅग आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असलेली छोटी हॅचबॅक धरून चालू. अशा बहुतेक गाड्यांत पॉवर स्टेअरिंगची मोटर कॉलमलाच, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या शाफ्टच्या नळीलाच बसवलेली असते, त्यामुळे कॉलम दिसतो त्याहून बराच जड निघतो. धरायला दुसरा माणूस हवाच. १० आणि १२ चे सॉकेट, स्टेअरिंगच्या नटाला मॉडेलप्रमाणे १७ ते २२, पुलर (स्टेअरिंग ओढून काढायचं हत्यार), टॉर्क रेंच (मोजक्या जोराने आवळायचा पाना) आणि पांढरा पेंट एवढं जवळ ठेवा.

पुढची चाकं नाकासमोर सरळ करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, तिच्या टोकाला कापड गुंडाळा आणि घड्याळ लावून १० मिनिटं थांबा; मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. तार सुटली तरी एअरबॅग उडवण्याइतका चार्ज तिच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काही काळ शिल्लक असतो. या दहा मिनिटांत हवं तर डॅशबोर्डखालचं कव्हर काढा, एअरबॅगच्या तारा जोडणाऱ्या पिवळ्या कप्लरना मात्र हात नको. त्यांना मल्टिमीटर तर कधीच लावू नका, मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते.

एअरबॅग निघाली की तिची शोभेची बाजू वर करून लांब ठेवा. उलटी ठेवली आणि उडाली, तर सगळं युनिट छताकडे झेपावेल.

आता नट. तो सोडवताना स्टेअरिंग दुसऱ्याने हाताने धरावं. स्टेअरिंग लॉकवर जोर घेतला तर लॉक मोडतो. शाफ्टवर आणि स्टेअरिंगवर पेंटची खूण करा आणि पुलर लावा. हातोडा नको. अपघातात आत दबता यावा म्हणून कॉलममध्ये मुद्दाम कच्चे जोड ठेवलेले असतात. ठोकाठोकीत ते तुटले तर वरून काही दिसत नाही, पण कॉलम बाद झालेला असतो.

क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंगमागची, एअरबॅगची जोडणी नेणारी गुंडाळलेली पट्टी) फिरू नये म्हणून लगेच टेप लावा. ती फिरलीच, तर लेबलवर दिल्याप्रमाणे मध्यावर आणा, नाहीतर पहिल्या पूर्ण वळणाला आतली पट्टी तुटते.

कव्हर, कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांचा) आणि कप्लर काढले की पायांजवळचा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टना कोनात जोडणारा सांधा) दिसतो. तिथेही खूण करा. त्याचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो. पूर्ण बाहेर काढा. मग ब्रॅकेटचे खालचे बोल्ट, आणि कॉलम दोघांनी धरल्यावरच वरचे.

बसवताना क्रम उलटा, खुणेला खूण जुळवून. युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट बोटांनी सहज आत गेला पाहिजे. अडला तर शाफ्ट पूर्ण बसलेला नाही. पान्याने रेटलात तर आज घट्ट वाटेल आणि चालत्या गाडीत जॉइंट निसटेल. स्टेअरिंगचा नट नवा घाला. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा.

बॅटरी सर्वांत शेवटी, आणि तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नको. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला, तर पुन्हा बॅटरीची तार काढा, पुन्हा दहा मिनिटं थांबा, आणि मगच कप्लर तपासा.